आधी भरती बघा, मग गाडी काढा

किनाऱ्याकिनाऱ्याने सहल आखायची म्हटलं की घरात सगळे आधी नकाशा उघडतात. मी भरती-ओहोटीच्या वेळा काढून बसते. हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. पहिल्याच सहलीत ओहोटीची ओली वाळू अगदी डांबरासारखी घट्ट दिसली, म्हणून मी गाडी थेट पुळणीवर नेली. मुलं किल्ला बांधत होती, सासरे घडीच्या खुर्चीत पेंगत होते, आणि तासाभराने बघते तो पाणी मागच्या चाकांशी! मी घाबरून ॲक्सिलरेटर दाबला आणि चाकं आणखी रुतली. शेवटी चाकांपुढची वाळू हातांनी उपसली, खाली फूटमॅट सरकवले आणि चार अनोळखी माणसांनी ढकलल्यावर गाडी निघाली. म्हणून पहिली गोष्ट ही: गाडी रस्त्यावरच ठेवा, वाळूवर पायी जा.

आता वेळांचं गणित. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या येतात आणि दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. त्यामुळे आजची भरती उद्या जवळपास ५० मिनिटं उशिरा येते. कालच्या अंदाजावर आज जाऊ नका. दुसरं म्हणजे पाणी एकसारखं चढत नाही. ओहोटीनंतरचा पहिला तास ते रेंगाळतं, आणि सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं चढून जातं. माझी गाडी नेमकी त्याच दोन तासांत सापडली होती. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त वर येतं आणि तितकंच जास्त मागेही हटतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, तेव्हा भरती-ओहोटीतला फरक कमी. खडकांच्या डबक्यांतले खेकडे, समुद्रफुलं मुलांना दाखवायची असतील तर उधाणाची ओहोटी गाठा. पाणी पूर्ण ओसरायच्या तासभर आधी खडकात उतरायचं आणि ते फिरलं की आपणही फिरायचं. मी फोनला गजर लावते, कारण खेकड्यामागे लागलेल्या मुलाला हाका ऐकू येत नाहीत.

पोहण्याबद्दल एकच सांगते. लाटा फुटताहेत आणि मधेच एक पट्टा शांत, गडद दिसतोय, तर मुलांना तिथेच सोडावंसं वाटतं. बहुतेकदा तिथूनच पाणी जोराने आत परतत असतं. त्यात कुणी सापडलंच तर किनाऱ्याकडे झटापट करायची नाही. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर यायचं.

रस्त्याची दिशा ठरवताना समुद्र कुठल्या हाताला येतो ते बघा. वाहनं डावीकडून चालतात तिथे समुद्र डाव्या हाताला हवा, उजवीकडून चालतात तिथे उजव्या. मग जागा आवडली की समोरची वाहनं न ओलांडता थांबता येतं. मात्र कड्यावरच्या रस्त्यावर दरीही त्याच बाजूला येते. सासऱ्यांना उंचीची भीती, म्हणून त्यांची जागा कायम डोंगराकडच्या खिडकीशी. परतताना मी आतला सरळ रस्ता धरते. तोवर मुलं झोपलेलीच असतात.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. खाडी आडवी आली की पलीकडचं गाव डोळ्यांसमोर असतं आणि रस्ता मात्र पुलापर्यंत लांब वळसा घेतो. फोन दाखवतो त्याच्या दीडपट वेळ धरा. फेरीबोटीने जायचं असेल तर शेवटच्या फेरीची वेळ आधीच विचारून ठेवा.

धाकटीला गाडी लागते. कानाच्या आतल्या भागाला वळणं जाणवतात, पण डोळे पुस्तकावर किंवा फोनवर खिळलेले असले की त्यांना सगळं स्थिरच दिसतं. या ओढाताणीतून मळमळतं. तिला पुढचा रस्ता दिसेल अशा जागी बसवते, फोन काढून घेते, काच थोडी खाली करते आणि क्षितिजाची रेषा बघत राहायला सांगते. तेवढ्यासाठी समुद्रासारखी सोय नाही. तरीही पिशव्या हाताशी असू द्या.

आणि चालवणाऱ्याला समुद्र दिसत नाही, हे बाकीच्यांच्या लक्षातच येत नाही. 'अगं, ते बघ' असं ओरडू नका, गाडी थांबवा. आम्ही दोघं दर थांब्याला चालक बदलतो, भांडण टळतं.

काचेवर खाऱ्या तुषारांचा थर बसतो. त्यावर कोरडे वायपर फिरवले तर समोरचं सगळं धूसर होतं, आधी भरपूर पाणी मारा. पायांची वाळू ओली असताना पुसत बसू नका. सुकल्यावर टाल्कम पावडर लावून झटकली की निघते. घरी आल्यावर गाडी वरून चमकवण्यापेक्षा तिचं पोट आणि चाकांवरच्या कमानी गोड्या पाण्याने धुवा, गंज तिथूनच सुरू होतो.

शंख डिकीत टाकण्याआधी आत कुणी राहत नाही ना, तेवढं बघा. आमच्याकडे एकदा परतीच्या वाटेवर एक शंख टॉवेलवरून चालत निघाला होता. धाकटीने रडून गाडी मागे वळवायला लावली, आणि जाऊन-येऊन ४० मिनिटं त्या शंखातल्या खेकड्याला घरी पोचवण्यात गेली.