पाईप फुटून बेसमेंट भिजलं तर: कडक थंडीत वाळवायच्या मशिनी कशा वापरायच्या

कॅनडात नाहीतर अमेरिकेच्या उत्तर भागात राहणाऱ्यांना हा प्रकार माहीत असेल. पारा उणे २०-२५ ला गेला की बाहेरच्या भिंतीतला पाईप गोठतो, पाण्याचा बर्फ होताना ते साधारण ९ टक्के फुगतं, त्या दाबाने पाईप फाटतो आणि बर्फ वितळला की धार लागते. मग रेंटलवाल्याकडून मोठे फॅन आणि डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली वाफ काढून घेणारी मशीन, आणतात, चार दिवस घरघर चालवतात, तरी भिंत ओलीच. मशीन बहुतेक वेळा चांगलीच असते हो, पण गारठलेल्या खोलीत तिचं काही चालत नाही. त्यामुळे आधी ऊब, मग मशीन, हा क्रम सोडू नका.

सुरुवातीला

मेन व्हॉल्व बंद करा. पाणी विजेच्या पॅनल किंवा सॉकेटपर्यंत पोचलं असेल तर त्यात पाय घालू नका, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. ड्रेनचं घाण पाणी वर आलं असेल तर ते काम स्वतः करूच नका. नळाचं स्वच्छ पाणी असेल तर वेट व्हॅक्यूमने, म्हणजे पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने, जेवढं ओढता येईल तेवढं ओढून घ्या. एक लिटर पाणी हवेत उडवायला सुमारे ०.६८ युनिट एवढी उष्णता लागते आणि तेच पाणी व्हॅक्यूम मिनिटाच्या आत उचलतो, म्हणून इथे आळस नको. बुरशी २४ ते ४८ तासांत धरायला लागते, तेव्हा इन्शुरन्सवाल्यांची वाट बघत बसू नका, फोटो काढा आणि कामाला लागा.

कुठली मशीन मागायची

साधा कॉम्प्रेसरवाला डीह्युमिडिफायर गार कॉईलवर वाफेचं पाणी करतो. खोली साधारण १५ डिग्रीच्या खाली असेल तर त्या कॉईलवर बर्फ धरायला लागतो आणि मशीनचा बराच वेळ तो वितळवण्यातच जातो. चांगली मॉडेल्स अजून थोडी खाली चालतात, पण पाणी काढण्याचं प्रमाण पडतंच. फर्नेस (घर तापवणारी यंत्रणा) चालू आहे, खोली २०-२५ डिग्रीवर ठेवता येतेय, तर हीच मशीन घ्या, स्वस्त पडते आणि सोपी आहे.

हीटिंगच बंद पडलंय, किंवा गोडाऊन, गॅरेज, अर्धवट बांधलेलं घर असं काही असेल तर डेसिकंट मशीन मागा. तिच्यात सिलिका जेल लावलेलं चाक हळूहळू फिरतं, चाकाचा एक भाग हवेतली वाफ शोषतो आणि दुसऱ्या भागावर गरम हवा सोडून ती वाफ बाहेर फेकली जाते. कॉईलवर पाणी जमवायचा प्रश्नच नाही, त्यामुळे शून्याच्या खालीही ती काम करते.

मात्र वाफेने भरलेल्या त्या गरम हवेचा डक्ट, म्हणजे जाडी नळी, घराबाहेरच काढावा लागतो, आणि खरी गडबड तिथे होते. डक्टला बाहेरच्या बाजूला उतार द्या, नाहीतर आत पाणी साचून बर्फाचा बूच बसतो. तोंडावर रोज बर्फ जमतो तो काढत जा, आणि तोंड पायवाटेकडे ठेवू नका, तिथे काचेसारखा बर्फ होऊन कोणीतरी पडेल. वाफ बाहेर फेकायला लागणारी हवाही शक्यतो बाहेरूनच घ्या. ती खोलीतून घेतली तर घरातला दाब कमी होतो, फटींतून गार हवा आत येते आणि गॅसच्या वॉटर हीटरचा धूर उलटा घरात येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म चालू असलाच पाहिजे.

मशीन सुरू करताना

ट्रकमधून उणे २० मध्ये आलेली मशीन लगेच प्लगला लावू नका. काही तास उबेत राहू दे, कारण कॉम्प्रेसरचं तेल घट्ट झालेलं असतं आणि गार पत्र्यावर घरातली वाफ बसून आतली वायरिंगही ओली होते. इथल्या १५ अँपिअरच्या सर्किटवर सतत १२ च्या वर लोड टाकू नका. फॅन आणि डीह्युमिडिफायर वेगवेगळ्या सर्किटवर लावा, मोठ्या डेसिकंटला तर बहुतेक वेगळी लाईनच लागते. मशीनने काढलेल्या पाण्याचा पाईप खिडकीतून बाहेर सोडू नका, गोठेल आणि पाणी परत आत येईल, तो घरातल्या सिंकमध्ये किंवा फ्लोअर ड्रेनमध्ये सोडा.

ऊब आणायला उघड्या ज्योतीचा प्रोपेन हीटर मात्र अजिबात नको. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन त्याच खोलीत येतं, म्हणजे वाळवायच्या ऐवजी आपणच पाणी आणतोय, शिवाय विषारी वायूचा धोका वेगळाच. इलेक्ट्रिक हीटर घ्या, किंवा ज्याचा धूर बाहेर जातो असा इनडायरेक्ट हीटर.

बाहेरची हवा हे थंडीतलं फुकटचं साधन आहे. २० डिग्रीला एक घनमीटर हवेत जवळपास १७ ग्रॅम वाफ मावते, उणे २० ला जेमतेम एक ग्रॅम. ती हवा आत घेऊन २० पर्यंत तापवली की तिची आर्द्रता ५ टक्क्यांच्या आसपास उतरते, एवढी कोरडी हवा भिंतीतलं पाणी भराभर ओढते. पण ही युक्ती फर्नेस दमदार असेल तरच, नाहीतर घर गार पडून दुसरा पाईप फुटायचा. हार्डवुडची फ्लोअर असेल तर जपून, फार कोरड्या हवेत लाकूड तडकतं.

भिंतीच्या आत काय चाललंय

इथल्या घरांत ड्रायवॉलच्या (आतल्या भिंतीच्या जिप्सम बोर्डाच्या) मागे प्लास्टिकची शीट असते आणि तिच्यामागे इन्सुलेशन, म्हणजे थंडी अडवणारा थर. त्यात पाणी शिरलं असेल तर बाहेरून कितीही फॅन मारा, ते त्या शीटमधून खोलीत येत नाही. उलट खोली तापवली की ती वाफ बाहेरच्या गार प्लायवुडकडे सरकते आणि तिथे पाणी किंवा बर्फ होऊन बसते. वरून भिंत कोरडी दिसते आणि वसंतात वास सुटतो. म्हणून खालचा पट्टा कापा, शीट बाजूला करा, भिजलेलं फायबरग्लास फेकून द्या, आणि उघड्या लाकडावर फॅन तिरका लावा. जुन्या घरात कापायच्या आधी ॲस्बेस्टॉसची तपासणी करून घ्या. कापायला जीव होत नाही हे समजतं, पण कापण्याशिवाय इलाज नाही.

कधी थांबायचं

हाताला कोरडं लागलं म्हणजे वाळलं असं नाही. ओल मोजणारं मॉइश्चर मीटर घ्या, घरातल्या न भिजलेल्या भिंतीचं आणि लाकडाचं रीडिंग लिहून ठेवा आणि ओल्या जागेचं रोज त्याच ठिकाणी घ्या. गोठलेल्या लाकडावर मीटर चुकीचं, बहुतेक कमीच दाखवतं, त्यामुळे ते उबदार झाल्यावरच मोजा. मशीनमध्ये जाणारी आणि बाहेर येणारी हवाही तपासा, टक्क्यांवर न जाता एक किलो हवेत किती ग्रॅम पाणी आहे ते बघा, कारण तापमान बदललं की टक्के आपोआप बदलतात. दोन्हीकडे आकडा सारखाच येत असेल आणि भिंत अजून ओली असेल तर मशीन नीट चालत नाहीये, फिल्टर बघा आणि रेंटलवाल्याला फोन करा. लाकूड कोरड्या जागेच्या रीडिंगजवळ येऊन तिथेच टिकलं की मगच इन्सुलेशन आणि नवी शीट लावा, जोड टेपने पक्के करा. मशीन परत पाठवायच्या आधी पंप आणि टाकीतलं पाणी पूर्ण काढा, नाहीतर ट्रकमध्ये ते गोठून पंप फुटतो आणि त्याचं बिल तुमच्याच नावावर येतं.