गरोदरपणात प्रोबायोटिक घेण्याआधी

प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जंतूंची, गोळी कशासाठी घ्यायची, ते आधी ठरवा. अँटिबायोटिकने जुलाब लागले म्हणून डॉक्टरांनी थोड्या दिवसांपुरती लिहून दिली असेल, तर ठीक. ‘साखर वाढू नये’ म्हणून स्वतःहून महिनोन्महिने घ्यायची असेल, तर नकोच. कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या 2021 च्या आढाव्यात गरोदरपणातल्या मधुमेहाला तिने आळा बसल्याचं दिसलं नाही. उलट प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे बीपी वाढून लघवीतून प्रोटीन जाणं वगैरे, गोळी घेणाऱ्यांत जास्त निघाला. आधीच वजन किंवा बीपी जास्त असेल, तर हा धोका विकत कशाला घ्यायचा? सध्या घेत असाल तर घाबरू नका, पण पाकीट डॉक्टरांना दाखवा.

लिहून दिलेली असेल, तर पाकिटावरचं जंतूचं नाव वाचा. लॅक्टोबॅसिलस असेल तर अँटिबायोटिकनंतर दोन तास थांबा, नाहीतर औषध जंतूंनाच मारतं. सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट. त्याला अँटिबायोटिकचं काही होत नाही, पण बुरशीवरच्या गोळ्यांनी ते मरतं. सॅशे गरम दुधात किंवा चहात फोडू नका. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर ते आधी सांगा.

घरचं दही बिनधास्त खा, दूध उकळलेलं असलं म्हणजे झालं. कॉक्रेनच्या आढाव्यातल्या चाचण्या मुख्यतः कॅप्सूलच्या होत्या, वाटीभर दह्याच्या नव्हेत.

बीपी घरी मोजत असाल तर पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर आणि छातीच्या पातळीला. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा. लहान पट्ट्यात आकडा उगाच फुगतो. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 झाला, की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. 160 किंवा 110 दिसला तर पंधरा मिनिटांत परत मोजा; तसाच राहिला तर थेट हॉस्पिटल. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहरा एकाएकी सुजणं, यातलं काही झालं तर आकड्याची वाट पाहू नका.

प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका खरोखर कमी करतात त्या साध्या गोळ्या. जोखीम असलेल्यांना डॉक्टर कमी डोसची अ‍ॅस्पिरिन देतात, शक्यतो 16 आठवड्यांच्या आत. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा. आहारात कॅल्शियम कमी पडत असेल तर त्याचाही उपयोग होतो. सरकारी दवाखान्यात 500 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा मिळते. ती जेवणाबरोबर घ्या, पण लोहाच्या गोळीसोबत नको. कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही.