निवेदक डोक्यात जातो, तेव्हा कादंबरी कशी वाचावी

आधी राग नेमका कोणावर आहे ते ठरवा: निवेदकावर की लेखकावर? भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) ही कादंबरी अर्ध्यात टाकणारे बरेच जण इथेच गल्लत करतात. तिचा निवेदक पांडुरंग सांगवीकर बापाचे पैसे उडवतो, वर कुरकुरतो. त्याचं 'उदाहरणार्थ', 'वगैरे' तर वीसेक पानांत कानाला टोचायला लागतं.

पेन्सिल घ्या. निवेदक सांगतो एक आणि प्रसंगात दिसतं भलतंच, अशा जागी समासात फुली मारा. पन्नास पानांत चार-पाच फुल्या पडल्या, तर लेखकाला त्याचा खोटेपणा ठाऊक आहे, वाचत राहा. एकही नाही आणि बाकीची पात्रं फक्त त्याला माना डोलावतात? मग कादंबरीच कच्ची. खुशाल मिटा, पैसे गेले म्हणून रेटू नका.

'कोसला'त धाकट्या बहिणीच्या मृत्यूपर्यंत तरी जा. तिथे तीच तुटक भाषा टिंगल सोडून दुःख पेलते, आणि मागचे 'वगैरे' वेगळे ऐकू येतात. एका बैठकीत तीस पानं पुरे; जास्त वाचलं की त्याची किरकिर आपल्याच बोलण्यात शिरते. रोजनिशीचा भाग मात्र सलग वाचा, तुकड्यांत त्याची लय सुटते.