ऐकताना होणाऱ्या या चुका टाळा: ‘हो’ मिळाला म्हणजे समजले असे नव्हे

समुपदेशनाच्या पहिल्याच वर्गात कुणीतरी हमखास सांगते की, ऐकण्याची सवय आपल्याला लहानपणापासूनच आहे आणि सगळे जण मन मोकळे करायला आपल्याकडेच येतात. असे सांगणाऱ्या प्रशिक्षणार्थीचे पहिले ध्वनिमुद्रण मी जरा अधिक लक्ष देऊन ऐकते, कारण त्यात बहुतेक वेळा क्लायंटपेक्षा तोच जास्त बोललेला असतो.

यात त्याच्या स्वभावाचा दोष कमी आणि संभाषणाच्या घडणीचा अधिक आहे. २००९ साली दहा भाषांमधील संभाषणांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा असे दिसले की एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सरासरी जेमतेम २०० मिलिसेकंद जातात. उलट, एखादा साधा शब्द मनात शोधून तोंडातून बाहेर काढायलाच सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. याचा सरळ अर्थ असा की, समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधीच आपण आपले उत्तर जुळवायला घेतलेले असते. गप्पांसाठी ही चपळाई हवीच, तिच्याशिवाय गप्पा रंगायच्या नाहीत. पण कुणी आजवर कुणालाच न सांगितलेले काही सांगू पाहत असेल, तेव्हा नेमकी तीच आड येते. म्हणून १९५७ साली मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी ज्याची ‘सक्रिय श्रवण’ (समोरच्याला काय म्हणायचे आहे ते समजून घेत आणि पडताळत ऐकणे) या नावाने मांडणी केली, ते कौशल्य मुद्दाम कमवावे लागते. त्या कमाईत होणाऱ्या चुका मात्र वर्षानुवर्षे त्याच आहेत.

पोपटपंची

माझा सर्वात जास्त राग या चुकीवर आहे, कारण ती करणाऱ्याला आपण अगदी पुस्तकाबरहुकूम वागलो असे वाटत असते. एका सराव सत्रात क्लायंटची भूमिका करणाऱ्या बाई म्हणाल्या, “आई आजारी पडल्यापासून भावाचा एकही फोन आलेला नाही.” त्यावर प्रशिक्षणार्थी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “म्हणजे आई आजारी पडल्यापासून भावाने तुम्हाला फोन केलेला नाही.” बाई म्हणाल्या, “हो.” मग दोघेही एकमेकांकडे पाहत बसले. नंतर चर्चेत तो मला म्हणाला की, माझे प्रतिबिंबन (समोरच्याचे म्हणणे किंवा भावना आपल्या शब्दांत त्याला परत सांगणे) बरोबर होते, कारण त्या ‘हो’ म्हणाल्या.

‘हो’ म्हणून माणूस थांबला, तर आपले वाक्य वाया गेले असे मी धरून चालते. आपण ऐकले की नाही याचा निकाल आपल्या वाक्यात नसतो, तो समोरच्याच्या पुढच्या वाक्यात असतो. त्याच सत्रात मी मध्ये पडून बाईंना म्हटले, “सगळं तुमच्या एकटीवर येऊन पडलंय.” त्यांनी लगेच मान हलवून नकार दिला: “पडलंय ते पडू दे हो. त्याने नुसतं ‘कशी आहेस’ विचारलं असतं तरी चाललं असतं.” माझा अंदाज चुकला होता, पण तो खोडताना त्यांना जे म्हणायचे होते ते बाहेर आले. ‘नाही, तसं नाही’ हे शब्द ऐकून नवशिके खट्टू होतात; मला मात्र ते कोरड्या ‘हो’पेक्षा दहापट मोलाचे वाटतात. अट एवढीच की, अंदाज खोडून काढता येईल इतक्या हलक्या हाताने मांडलेला असावा आणि खोडल्यावर आपण त्याची वकिली करू नये.

स्वतः रॉजर्स यांना आपल्या पद्धतीची ही दशा पाहवत नसे. १९८६ साली त्यांनी लिहिले की, भावनांचे प्रतिबिंबन हा शब्दप्रयोगच आपल्याला खुपतो. आपण प्रतिबिंब दाखवत नसतो, तर आपल्याला कळले ते बरोबर आहे का, हे समोरच्याला विचारून पाहत असतो. वाक्याची उलटापालट करून ते परत देणे तर १९६६ साली जोसेफ वायझेनबॉम यांच्या ‘इलायझा’ या संगणक प्रोग्रॅमलाही जमत होते, आणि त्याला त्यातला एक शब्दही कळत नव्हता. ‘म्हणजे तुम्हाला असं वाटतंय की’ ही सुरुवात मी माझ्या वर्गात पहिले तीन महिने बंदच ठेवते. ती बंद केली की काय बोलावे हे अनेकांना सुचत नाही, आणि आजवर तेवढ्या एका साच्यावरच काम चालले होते हे त्यांचे त्यांनाच उमगते.

हाच साचा घरी नेणाऱ्यांची फजिती आणखी मोठी असते. एका प्रशिक्षणार्थीला घरी पोहोचायला उशीर झाला, पत्नी चिडली, आणि हा शांत स्वरात म्हणाला, “म्हणजे तुला दुर्लक्षित वाटतंय.” तिने दिलेले उत्तर तो हसत हसत वर्गात सांगत होता: “क्लासमधलं माझ्यावर नको. उशीर का झाला ते सांग.” मला तिचे म्हणणे शंभर टक्के पटते. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३० नवविवाहित जोडप्यांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध केला. भांडणाच्या भरात अशा प्रकारचे ऐकणे फारसे कुणी करत नाही आणि कोणता संसार टिकेल हेही त्यावरून ओळखता येत नाही, असे त्यात आढळले. माझ्या मते यात नवल नाही. समुपदेशक त्रयस्थ असतो, तर घरातल्या भांडणात आपण स्वतःच आरोपी असतो. आरोपीने न्यायाधीशाच्या शांतपणे आरोपाचा गोषवारा काढला, तर समोरच्याच्या अंगाचा तिळपापड होणारच. म्हणून घरी मी आधी आरोपातला खरा भाग कबूल करते (“उशीर झाला आणि मी कळवलं नाही”), आणि भावनांचे नाव समोरचा स्वतः घेईपर्यंत घेत नाही. यात तंत्र असे काहीच नाही, पण भांडण लवकर आटोपते एवढे खरे.

शांतता भरून काढण्याची घाई

ही दुसरी चूक माझी स्वतःची आहे आणि ती पुरती गेली आहे असे मी आजही म्हणणार नाही. उमेदवारीच्या काळात माझ्याकडे एक विधुर गृहस्थ येत असत (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत). तिसऱ्या भेटीत ते म्हणाले, “भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय. सेल बदलायचा राहतोय.” आणि ते थांबले. मला वाटले, वाक्य संपले. मी लगेच म्हटले, “छोटी छोटी कामं मागे पडतात, त्याची टोचणी लागते तुम्हाला.” ते म्हणाले, “हो, तसंच आहे.” मग आम्ही कामांचे वेळापत्रक करण्याविषयी वीस मिनिटे बोललो. ते पुढे दोनदा आले, नंतर आले नाहीत.

सत्र त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित केले होते. माझ्या मार्गदर्शक बाईंनी मला हेडफोन लावून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकायला सांगितले, कारण काही बोलल्या नाहीत. चौथ्या खेपेला मला ऐकू आले. माझ्या ‘छोटी छोटी कामं’च्या खाली, अगदी दबक्या आवाजात, तीन शब्द होते: “सेल तीच बदलायची.” ते वाक्य संपवून थांबलेले नव्हते, तर पुढचे वाक्य उच्चारण्याचे बळ गोळा करत होते, ते गोळा झाले तेव्हा मी बोलत होते.

अशा वेळी मनात आकडे मोजण्याचा सल्ला दिला जातो आणि त्याला आधारही आहे. शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी शाळेच्या वर्गांमधून दाखवून दिले होते की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात, सुधारतात. पण मोजायला लागले की माझे लक्ष आकड्यांकडे जाते, म्हणून मी दुसरीच सवय लावून घेतली. समोरचा थांबला की मी माझा श्वास पूर्ण बाहेर सोडते आणि त्याच्या नजरेकडे बघते. नजर माझ्याकडे वळलेली असेल तर बहुधा पाळी माझी असते. ती जमिनीवर किंवा खिडकीबाहेर असेल तर तो अजून आत कुठेतरी आहे, आणि मी दुसरा श्वास घेते. सगळ्यांच्या बाबतीत हे लागू पडत नाही, काही माणसे नजर देतच नाहीत, त्यांच्यापुढे मी चुकते. मात्र शांततेचाही कुणी नियम करून टाकू नये. बावरलेल्या माणसापुढे मख्ख चेहऱ्याने बसून राहिलेला समुपदेशक मी पाहिला आहे, आणि क्लायंटने त्यालाच घाबरून विचारले होते, “मी काही चुकीचं बोललो का?”

बाकीच्या चुका, थोडक्यात

‘मला कळतंय तुमचं’ असे म्हणू नये. कळले असेल तर ते पुढच्या वाक्यात दिसेल. ‘माझ्या बाबतीतही अगदी असंच झालं होतं’ या वाक्यानंतर गोष्ट कुणाची राहते, हे एकदा घड्याळ लावून पाहावे. ‘का’ने सुरू होणारे प्रश्न मी जवळजवळ विचारतच नाही, कारण “तिला असं का बोललात?” हे मराठीत प्रश्नापेक्षा कानउघाडणी म्हणूनच ऐकू येते, “तेव्हा काय झालं?” एवढ्याने तेच उत्तर मिळते.

सल्ल्याविषयी माझे मत कर्मठ नाही. माणूस स्पष्ट सल्ला मागत असेल आणि आपल्याकडे तो असेल, तर गोलगोल फिरवत बसणे हाही अपमानच असतो. मात्र पहिल्या पाच मिनिटांत सुचलेला सल्ला त्याला आधीच दहा जणांनी दिलेला असतो, एवढे गृहीत धरावे.

संवादात ९३ टक्के अर्थ शब्दांपलीकडचा असतो, असे सांगून पुढे झुकण्याचे, मान डोलावण्याचे आणि समोरच्यासारखे हात बांधण्याचे धडे देणारी दोन दिवसांची शिबिरे असतात. त्या आकड्याचे मूळ मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांत आहे. ते प्रयोग सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहरा यांवरून आवड-नावड कशी ओळखली जाते एवढ्यापुरतेच होते, आणि सर्व संवादाला ते सूत्र लावू नये असे त्यांनी स्वतःच बजावले आहे. शिबिरातून शिकून आलेली मान मला खोलीच्या दारातून ओळखू येते. ती बोलण्याच्या आशयाशी संबंध न ठेवता ठरावीक तालात हलत असते.

एक चूक मात्र थोडक्यात आटपण्यासारखी नाही. समोरचा माणूस “आता सगळं संपवावंसं वाटतं” असे म्हणाला, तर तिथे “तुम्ही फार थकला आहात” असे हळुवार प्रतिबिंबन करून पुढे सरकू नये. “तुमच्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?” असे सरळ, त्याच शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही भीती निराधार आहे. बहुतेकांना उलट सुटल्यासारखे वाटते. उत्तर होकारार्थी आले, तर त्या माणसाला एकटे न सोडता तातडीची मदत मिळवून देणे हे तुमचे पुढचे काम असते, आणि गोपनीयतेची मर्यादा तिथे संपते.

हे सगळे किती दिवसांत जमते, असे मला दर तुकडीत विचारले जाते. मी उत्तर न देता पंधरा मिनिटांचे ध्वनिमुद्रण स्वतःच्या हाताने, थांबे आणि अडखळणे यांसकट लिहून आणायला सांगते. त्याला दीड-दोन तास सहज लागतात. हल्ली काही जण ते सॉफ्टवेअरकडून उतरवून, नीटनेटके छापून आणतात. ते मी न वाचता परत करते, कारण दोन आवाज एकमेकांवर आले की सॉफ्टवेअर मोठा आवाज ठेवते आणि खालचे तीन शब्द गाळून टाकते.