सर्दी झालेलं मांजर जेवत नसेल तर

मांजराला सर्दी झाली की ते ताटलीजवळ येतं, हुंगल्यासारखं करतं आणि तोंड फिरवून निघून जातं. खाणं आवडत नाही असं नसतं. नाक चोंदल्यामुळे वासच येत नाही, आणि वास आल्याशिवाय मांजर सहसा तोंड लावत नाही. अशा वेळी महागडी नवी पाकिटं आणण्याआधी हे करून पाहा.

१. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने नाकपुड्यांवरचा सुकलेला शेंबूड हलक्या हाताने पुसून घ्या. बाम, निलगिरीचं तेल अजिबात नको, मांजराला ते विषारी ठरतं.

२. फ्रिजमधलं ओलं खाणं वाटीत काढून ती वाटी गरम पाण्यात ठेवा. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून जेमतेम कोमट लागलं की पुरे. मायक्रोवेव्ह वापरलात तर नीट ढवळा, मध्येच एखादा घास चटका देण्याइतका तापलेला असतो.

३. वरून चमचाभर उकडलेल्या बांगड्याचं पाणी घाला. मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेल्या! घरभर वास सुटतो, पण तोच तर हवाय.

४. थोडंसंच वाढा. गार झालं की वास मरतो, मग ते उचलून पुन्हा कोमट करून द्या.

मोठ्या मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टर गाठा; उपाशी मांजराच्या यकृतावर लवकर परिणाम होतो. पिल्लू असेल तर तेवढीही वाट पाहू नका.