लीगचा संघ निवडताय? फॉर्म जोखताना या चुका टाळा

पाऊस ओसरला की बेळगावात नेट लागतात आणि पाठोपाठ यादीवरून वाद सुरू होतात. कर्नाटक राज्य क्रिकेट संघटनेच्या धारवाड विभागीय लीगसाठी नावं ठरवायची असतात, आणि क्लबमधल्या प्रत्येकाच्या मनात एक नाव आधीच पक्कं असतं. "अहो, परवाच त्यानं ऐंशी केल्या की!" एवढ्या एका वाक्यावर संघ ठरतात. त्या ऐंशी कुठल्या चेंडूवर झाल्या, कितव्या क्रमांकावर, समोर गोलंदाज कोण होते, हे कुणी विचारत नाही. मोसम सुरू झाल्यावर जे बिघडतं, त्यातलं बरंचसं या न विचारलेल्या प्रश्नांपाशी येऊन थांबतं.

टेनिस बॉलच्या धावांवर लेदर बॉलचा सलामीवीर ठरवणं

आपल्या भागातली ही सगळ्यात मोठी चूक. येळ्ळूर, कडोली, उचगाव, खानापूर, निपाणी, कुठंही जा, टेनिस बॉलच्या स्पर्धांत जबरदस्त फटकेबाज पोरं दिसतात. त्यांची नजर आणि खांद्यातली ताकद खरी आहे, त्यांना कमी लेखू नका. पण टेनिस बॉल उंच उसळतो आणि बॅटवर सावकाश येतो. त्यामुळे पुढचा पाय लेगला काढून आडव्या बॅटनं मारायची सवय हाडीमाशी भिनते. नवा लेदर बॉल पहिली पाच-सहा षटकं हवेत वळतो, आणि पाय बाजूला गेला की बॅट-पॅडमध्ये दार उघडं पडतं.

तपासायला फार काही लागत नाही. नवा चेंडू द्या, दोन बरे मध्यमगती गोलंदाज लावा आणि फलंदाजाला सांगा, "चार षटकं धावा करायच्या नाहीत, ऑफ स्टंपबाहेरचा सोडायचा." तुम्ही नेटच्या बाजूला उभे राहू नका, गोलंदाजाच्या मागे सरळ रेषेत उभे राहा. चेंडू येताना त्याचं डोकं ऑफला कलतंय का? पुढचा पाय मिडऑफकडे जातोय की मिडविकेटकडे? किती चेंडू त्यानं ठरवून सोडले आणि किती नुसतेच चुकले? सोडता येत नसेल तर त्याला काढू नका, सहाव्या क्रमांकावर ठेवा. चेंडू जुना झाला की हाच मुलगा तुम्हाला सामना काढून देईल. सलामीला मात्र चाळीस चेंडूंत पंधरा करून टिकणारा लागतो, भले स्कोअरबुकात ते पंधरा दिसायला केविलवाणे दिसोत.

एक मोठा डाव विसरणं, आणि एका मोसमाला सर्वस्व मानणं

या दोन्ही चुका एकाच खेळाडूच्या वाट्याला आल्या, आणि तो आपल्या कर्नाटकचा. करुण नायरनं डिसेंबर 2016 मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद 303 केल्या. पुढच्याच कसोटीत, हैदराबादला बांगलादेशविरुद्ध, तो संघाबाहेर होता, कारण दुखापतीतून सावरलेला अजिंक्य रहाणे परत आला होता. ज्याची जागा होती त्याला ती द्यायची, हा विचार समजू शकतो. तरी त्रिशतकानंतरचा आत्मविश्वास वापरायचाच नाही, हे मला आजही पटत नाही.

2024-25 च्या विजय हजारे या देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धेत त्यानं विदर्भाकडून 779 धावा केल्या आणि तो फक्त दोनदा बाद झाला. रणजीतही 863 धावा झाल्या. त्या जोरावर तो कसोटी संघात परतला, आणि ती निवड योग्यच होती. पण 2025 च्या इंग्लंड दौऱ्यात पुढं काय झालं ते नीट बघा. लीड्सला सहाव्या क्रमांकावर, बर्मिंगहॅम आणि लॉर्ड्सला तिसऱ्या, मग मँचेस्टरला बाहेर, ओव्हलला पाचव्या. चार कसोटींत 205 धावा, त्यात एकच अर्धशतक. 31, 26, 40 असे डाव सुरू होत होते आणि मध्येच तुटत होते. माझ्या मते तो फॉर्मबाहेर नव्हता. सुरुवात मिळत होती, पुढं न्यायला जमत नव्हतं, आणि त्यात उभं राहायची जागा बदलत होती. अशा फलंदाजाला 'फॉर्म गेला' म्हणून बसवण्याआधी त्याला एक क्रमांक द्या आणि तीन-चार सामने तो हलवू नका. "कुठंही खेळतो की तो" असं ज्याच्याबद्दल म्हटलं जातं, तोच आधी बिघडतो.

धीराचा दाखला आपल्याच बेळगावातल्या ऑटोनगरच्या मैदानावर आहे. जून 2019 मध्ये श्रीलंका 'अ' संघाविरुद्ध ऋतुराज गायकवाडनं इथं नाबाद 187 केल्या. भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळायला त्याला ऑक्टोबर 2022 उजाडलं.

पराभवानंतर घाबरून एक फलंदाज वाढवणं

दीडशेत आटोपलो की पुढच्या सामन्यात एक गोलंदाज कापून फलंदाज घ्यायचा, ही रीतच पडली आहे. डिसेंबर 2020 मध्ये ॲडलेडला ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारत 36 धावांत गारद झाला. त्यात विराट कोहली घरी परतणार होता आणि मोहम्मद शमी जखमी झाला होता. मेलबर्नला कोहलीच्या जागी आणखी एक फलंदाज घेणं सोपं होतं. घेतलं अष्टपैलू रवींद्र जडेजाला, म्हणजे गोलंदाज पाच झाले. शुभमन गिल आणि मोहम्मद सिराज तिथंच पहिली कसोटी खेळले. रहाणेनं 112, जडेजानं 57 केल्या आणि सामना आठ गड्यांनी जिंकला. वीस बळी घेणारे हात कमी करून पराभवावर इलाज होत नाही.

अकरा जण घरीच ठरवणं

ऑक्टोबर 2024 मध्ये बेंगळुरूला न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत ढगाळ हवेत नाणेफेक जिंकून भारतानं फलंदाजी घेतली आणि डाव 46 वर संपला. संघात तीन फिरकीपटू होते. खेळपट्टी वाचण्यात चूक झाली, हे तेव्हाचा कर्णधार रोहित शर्मानं स्वतः मान्य केलं. ती मालिका 0-3 गेली.

आपण धारवाड-हुबळीला पहाटे निघतो आणि अकरा नावं आदल्या रात्रीच व्हॉट्सॲपवर पडलेली असतात. तेरा नावं पाठवा. पोचल्यावर अंगठ्यानं खेळपट्टी दाबून बघा. ओल लागली, हिरवट गवत दिसलं, तर तिसरा मध्यमगती गोलंदाज. कोरडी आणि भेगाळलेली असेल तर दुसरा फिरकीपटू. डिसेंबरात सकाळी दव असतंच, पण ते तासा-दीड तासात उडतं, म्हणून फक्त दवाकडे बघून संघ बदलू नका.

एकाच वेगवान गोलंदाजाला पिळून काढणं

शनिवारी लीग आणि रविवारी रात्री टेनिस बॉलची फायनल, असं आपल्या पोरांचं चालतं. 2025 च्या इंग्लंड दौऱ्यात जसप्रीत बुमराला पाचांपैकी तीनच कसोटी खेळवायच्या, हे आधी ठरलं होतं आणि पाळलं गेलं. आपल्याकडे फिजिओ नसतो, तेव्हा लक्षणं आपणच ओळखायची. दुसऱ्या स्पेलमध्ये यष्टिरक्षक न सांगता दोन पावलं पुढं सरकला, की वेग उतरला. एरवी नो-बॉल न टाकणाऱ्याचा पाय रेषेपुढं पडू लागला, की पाय थकले. त्या आठवड्यात त्याला नेटमध्ये गोलंदाजी देऊ नका.

गल्ली बघून नाव घालणं

यावर जास्त बोलायला नको, सगळ्यांना ठाऊक आहे. संघात मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी पोरं एकत्र असतात. गट पडू देऊ नका, आणि धाव घेतानाची हाक सगळ्यांची एकच ठेवा. तिच्यातल्या गोंधळानं होणारे रनआउट सरावात टाळता येतात.

यादी लागल्यावर ज्याचं नाव नाही, त्याला ते भिंतीवर वाचू देऊ नका. आदल्या संध्याकाळी बोलावून घ्या. नेमकं काय कमी पडलं, ते कसं सुधारायचं आणि पुन्हा कुठल्या सामन्यात बघणार, हे तोंडावर सांगा. आणि तो सामना आला की खरोखर बघायला जा.