स्वस्त बासचा पिकअप आणि हार्डवेअर बदलताय? या चुका टाळा

पहिल्यांदा बास गिटारचा पिकअप, म्हणजे तारांची कंपनं पकडणारं चुंबक आणि कॉइल (वायरची गुंडाळी), बदलला तेव्हा रात्री अकराच्या सुमारास शेवटचा सोल्डर मारला, तारा चढवल्या, ॲम्प सुरू केला आणि खोलीभर ‘घूंऽऽ’ असा आवाज भरून राहिला. तारांवर हात ठेवला तरी तो कमी होईना. दोन दिवस मी नव्या पिकअपलाच दोष देत होतो. तिसऱ्या दिवशी मल्टिमीटरचं एक टोक ब्रिजवर, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागावर, आणि दुसरं केबल लावायच्या जॅकच्या बाहेरच्या धातूवर टेकवलं. मीटर वाजलाच नाही, म्हणजे दोन्हींमध्ये जोडच नव्हता. ब्रिज पिकअपबरोबरच नवा बसवला होता. तो उचलून पाहिला, तर बॉडीतून येणारी उघडी वायर बरोब्बर त्याच्या काळ्या रंगाच्या थराखाली दबलेली. रंगातून करंट जात नाही. नखाएवढ्या जागेवरचा रंग पॉलिश पेपरने घासून काढला आणि घरघर थांबली.

त्यानंतर मित्रांचे आणि ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या मुलांचे बरेच बास उघडून पाहिले. नवा पार्टच खराब निघाला असं फार थोड्या वेळा झालं. बहुतेकांनी मोजमाप न करता पार्ट मागवलेला असतो आणि पिकअप, पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा भाग), ब्रिज, ट्यूनर (तार ताणायच्या खुंट्या) असं सगळं एकाच बैठकीत बदललेलं असतं. मग बिघडलं तर ते कुठे, हे शोधायला काही जागाच उरत नाही. एका वेळी एक गोष्ट बदला आणि वाजवून पाहा. ती पटली की मगच पुढची.

आधी तारा, मग सेटअप, मग पिकअप

‘आवाज मेला आहे’ म्हणून पिकअप बदलायला निघालेल्या बासवर दोन वर्षांच्या तारा असतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. आधी नवा सेट चढवा. जाड तारेला ट्यूनरजवळ काटकोनात दुमड देऊन मगच कापा. दुमडायच्या आधी कापली तर वरचं वेटोळं सैल पडून नवी तारही बद्द वाजू शकते.

मग नेक. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट पाहा. साधारण ०.३ मि.मी. पुरे, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. फट कमी-जास्त करायला नेकमधली ट्रस रॉड, म्हणजे त्याचा बाक बदलणारी सळी, एका वेळी पाव फेरीच फिरवा. कोकणात आणि गोव्यात जून-जुलैत लाकूड ओलावा धरतं आणि नेक हलतो. मे महिन्यात नीट लावलेला बास गणपतीत वेगळाच लागू शकतो. पिकअपचा त्यात काही दोष नाही.

एवढं करूनही आवाज पातळ किंवा चिखलासारखा वाटला, तर पिकअप बदलण्यात अर्थ आहे. स्वस्त बासमध्ये बहुधा लोखंडी पोल (पिकअपमधले छोटे गोल खांब) आणि खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी असते. जुन्या पद्धतीत पोल स्वतःच अल्निको या मिश्रधातूचे चुंबक असतात. सिरॅमिक म्हणजे वाईट असं मी मानत नाही. मात्र फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बासचा, म्हणजे पी-बासचा, तो गोलसर, मध्ये भरलेला आवाज हवा असेल तर अल्निकोने फरक पडतो.

मागवण्याआधी पट्टी घ्या

फेंडरने प्रिसिजन बास १९५१ मध्ये आणला आणि त्याचा दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ मध्ये. जॅझ बास, म्हणजे जे-बास, आला १९६० मध्ये. बाजारातले बहुतेक स्वस्त बास या दोन साच्यांवरच बनतात, त्यामुळे ‘काहीही बसेल’ असा समज होतो. पी-टाइपमध्ये तो बऱ्यापैकी खरा ठरतो. जे-टाइपमध्ये फसायला होतं. मूळ मापात ब्रिजकडचा पिकअप नेककडच्यापेक्षा जेमतेम दोन-तीन मि.मी. लांब असतो, पण अनेक स्वस्त बासमध्ये दोन्ही एकाच लांबीचे असतात. न मोजता सेट मागवला की एक पिकअप खाचेत बसत नाही आणि माणूस कानस घेऊन बॉडी घासायला लागतो.

पॉटचंही तसंच. स्वस्त बासमधल्या छोट्या पॉटची दांडी ६ मि.मी.ची, अमेरिकन मापाची ६.३५ मि.मी.ची. नवा पॉट जुन्या भोकात बसत नाही आणि जुना नॉब नव्या दांडीवर चढत नाही. पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी न लागणाऱ्या, पी किंवा जे पिकअपला २५० के (किलो-ओहम) पॉट, तेही ‘ए’ म्हणजे लॉग प्रकारचे घ्या. ‘बी’ प्रकारचा व्हॉल्यूम बराच फिरवला तरी आवाज तसाच राहतो आणि शेवटच्या टप्प्यात एकदम पडतो. टोनसाठी ०.०४७ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर चालतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास हे सुटे भाग मिळतात. जुना पॉट खिशात घालूनच जा.

ब्रिजवर सर्वांत आधी स्क्रूच्या भोकांची जागा जुळवा. मग नटपासून, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाजवळच्या खाचांच्या पट्टीपासून, बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजून दुप्पट करा. लाँग स्केल बासवर हे ८६४ मि.मी.च्या आसपास येतं. जी या सर्वांत बारीक तारेचं सॅडल (ब्रिजवर तार टेकायचा सरकणारा भाग) साधारण तिथे आणि ई या सर्वांत जाड तारेचं थोडं मागे जाईल इतकी जागा ब्रिजमध्ये हवी. जड ब्रिजचा तळ जाड असतो. सॅडल पूर्ण खाली घेतली तरी तारा उंच राहिल्या, तर नेकच्या खोबणीत शिम, म्हणजे पातळ पट्टी, घालावी लागते. माझं मत विचाराल तर जुनी सॅडल हलत नसतील आणि स्क्रू गंजले नसतील, तर ब्रिजचा खर्च सर्वांत शेवटी करा.

ट्यूनरसाठी हेडस्टॉकमधल्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकातल्या, भोकाचा व्यास मोजा. भोक वाढवायचंच असेल तर रीमर (हाताने फिरवून भोक मोठं करायचं अवजार) वापरा, हातातलं ड्रिल लाकूड फाडतं. बास ट्यूनमध्ये राहत नाही म्हणून ट्यूनर बदलण्याआधी नट तपासा. ट्यून करताना ‘टिंग’ असा आवाज आला तर तार नटमध्ये अडकते आहे. खाचेत पेन्सिलचं शिसं घासा. जड ट्यूनर लावले तर हेडस्टॉक जमिनीकडे झुकतो आणि डावा हात नेक सांभाळण्यातच दमतो.

स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर टूथपिक फेव्हिकॉलमध्ये बुडवून आत ठोका आणि रात्रभर सुकू द्या. स्क्रू परत घालताना त्याला मेणबत्तीचं मेण लावा.

सोल्डर

पॉटच्या पाठीवर अर्थिंगची वायर लावताना बहुतेक जण फसतात. कमी वॅटचं आयर्न घेऊन मिनिटभर टेकवून ठेवतात. पत्रा तापेपर्यंत आतला ट्रॅक भाजून निघतो आणि पॉट फिरवताना खरखरू लागतो. पाठ आधी पॉलिश पेपरने घासा, ४० ते ६० वॅटचं आयर्न घ्या, जागा तापवा, सोल्डर आयर्नवर न लावता जागेवर लावा आणि तीन-चार सेकंदांत हात काढा. थंड होईपर्यंत वायर हलवू नका. जोड गुळगुळीत दिसायला हवा, दाणेदार आणि गोळ्यासारखा दिसला तर पुन्हा करा.

वायर तोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. मात्र रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. नव्या पिकअपबरोबर आलेला नकाशाच धरा. बसवण्याआधी मल्टिमीटरने पिकअप मोजा. पी साधारण १० किलो-ओहमच्या आसपास आणि जे ७ ते ८ दाखवतो. काहीच रीडिंग आलं नाही तर कॉइल तुटली आहे.

आवाज ऐकून बिघाड ओळखा

ॲम्पचा आवाज कमी ठेवून तारांना हात लावा. घरघर कमी झाली तर अर्थिंग बरोबर आहे. जी उरते ती खोलीतल्या ट्यूबलाइटची, डिमरची. काहीच फरक पडला नाही, पण केबलच्या धातूच्या टोकाला हात लावल्यावर कमी झाली, तर ब्रिजखालची वायर तपासा. हात लावल्यावर उलट वाढली, तर जॅकवर दोन वायर अदलाबदल झाल्या आहेत. पूर्ण शांतता असेल तर बहुधा जॅक फिरून त्याची सिग्नलची पत्ती कॅव्हिटीतल्या (वायरिंगच्या खोबणीतल्या) कॉपर टेपला टेकली आहे.

पी पिकअपचे दोन भाग एकापाठोपाठ जोडलेले असतात आणि मिळून घरघर मारतात. एका भागाच्या वायर उलट लागल्या तरी बास जवळपास नेहमीसारखा वाजतो, कारण प्रत्येक तारेखाली एकच भाग असतो. फक्त घरघर परत येते, म्हणून ही चूक महिनोन्महिने लपून राहते. पी-जे बास (एक पी आणि एक जे पिकअप असलेला) असेल तर ती लगेच पकडता येते. दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण वर करून चारही तारा वाजवा. ई-ए भरीव आणि डी-जी पोकळ, किंवा उलट, असं ऐकू आलं तर पी चा एक भाग उलटा आहे. चारही पोकळ असतील तर दोन पिकअपची फेज जुळत नाही, म्हणजे त्यांचे आवाज एकमेकांना मारतात. त्यातल्या एकाच्या वायर आपसात बदला. जे पिकअपच्या धातूच्या भागांना किंवा कव्हरला अर्थिंग जोडलेलं असेल तर ती वायर आधी वेगळी करा.

जॅझ बासवर एक व्हॉल्यूम कमी केल्यावर थोडी घरघर येणं हा बिघाड नाही, एकाच कॉइलच्या पिकअपचा तो स्वभावच आहे.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. ब्रिजखालच्या वायरमुळे तुमचा हात थेट ॲम्पच्या अर्थिंगशी जोडला जातो. मंडपात दोन पिनच्या बोर्डवर ॲम्प लावलेला असेल आणि ओठ माइकला लागले, तर झटका तुम्हालाच बसतो. ब्रिजची वायर काढणं हा त्यावरचा उपाय नाही. तीन पिनचा, अर्थिंग असलेला बोर्ड मिळाल्याशिवाय केबल लावू नका.

सगळं जुळलं की पिकअपची उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पोलपर्यंत २ ते ३ मि.मी. अंतर ठेवून सुरुवात करा. आवाज मोठा हवा म्हणून फार वर घेतला तर चुंबक तार ओढतो, वरच्या फ्रेटवरचे सूर डगमगतात आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर अचूक लागणं) काही केल्या लागत नाही. जाड तारेकडची बाजू किंचित खाली ठेवा. आठवड्याने लाकूड आणि तारा स्थिरावल्या की नेकची फट पुन्हा एकदा पाहा.